गोष्ट कोण सांगतंय, आणि कोणाला?

एका विद्यार्थ्याने मला विचारलं आहे: "मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कथाकाव्यावर 'निवेदकाची भूमिका स्पष्ट करा' हा प्रश्न हमखास येतो. मी दर वेळी लिहितो की कवीने तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी निवेदन केलं आहे. मार्क निम्मेच पडतात. मला खरंच कळत नाही. गोष्ट कवीच सांगतो ना? मग निवेदक नावाचा वेगळा माणूस कशाला उभा करायचा?"

प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तर जरा लांबवते. मी बत्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं आणि त्याच्याही आधीपासून कीर्तन करते आहे. वर्गात फळ्यावर लिहूनही जे मला नीट सांगता येत नव्हतं, ते देवळाच्या मंडपात समोर बसलेल्या माणसांनी मला शिकवलं. त्यामुळे माझी उदाहरणं बरीचशी तिथून येतील.

'तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी', म्हणजे गोष्टीबाहेर उभं राहून सगळं जाणणारा निवेदक, हे तुमचं उत्तर चूक नाही. पण ते कुठल्याही कवितेखाली लिहिता येतं, आणि त्यातून त्या कवितेबद्दल काहीच कळत नाही. मी माझ्या मुलांना दुसरी वाट दाखवायचे. आधी श्रोता शोधा. ही गोष्ट कोणाला सांगितली जाते आहे? समोर कोण बसलं आहे? तो सापडला की सांगणारा आपोआप दिसू लागतो. तीच बातमी आपण आईला एका तऱ्हेने सांगतो आणि शेजाऱ्याला दुसऱ्या तऱ्हेने. शब्द बदलतात, क्रम बदलतो, काय गाळायचं ते बदलतं. आपल्याकडचं जुनं कथाकाव्य तर जवळजवळ सगळं ऐकवण्यासाठीच रचलेलं. त्यामुळे श्रोता कवितेतच कुठेतरी बसलेला असतो, फक्त त्याच्याकडे मान वळवून बघावं लागतं.

आधी तुमची मुख्य शंका. कवी आणि सांगणारा एकच ना? यावर मला एकनाथांच्या भारुडाहून चांगलं उदाहरण माहीत नाही. भारूड म्हणजे रूढ अर्थाने कथाकाव्य नव्हे हे मला ठाऊक आहे, पण हा मुद्दा तिथे लख्ख दिसतो. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला.' बोलणारी एक सासुरवाशीण आहे. सासरा गावाला गेलाय, तर तिकडेच खपव त्याला, असं ती देवीला म्हणते. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. जाऊ फडफड बोलते, तिला बोडकी कर, म्हणजे विधवा. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. नवऱ्याचाही नंबर लागतो. आणि या सगळ्याच्या बदल्यात देवीला काय मिळणार, तर एक रोडगा.

चारशे वर्षांहून जास्त काळ लोक हे ऐकतायत. पैठणच्या नाथांना स्वतःच्या सासूचा जीव घ्यायचा होता, असं आजवर एकाही श्रोत्याला वाटलेलं नाही. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्या बायकाही हसतात आणि ही बोलणारी वेगळी आहे हे धरून चालतात. म्हणजे कवी आणि निवेदक वेगळे असतात ही गोष्ट आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

आता शेवटचं कडवं बघा: 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकलीच राहू दे मला.' 'एका जनार्दनी' ही नाथांची नाममुद्रा, म्हणजे कवितेच्या शेवटी घातलेली आपली सही. पुढचे शब्द त्या बाईचे. एकाच ओळीत दोन माणसं बोलतात. बाईला घर रिकामं हवं आहे. नाथांना काम, क्रोध, अहंकार असा सगळा गोतावळा जाऊन एकटा जीव उरायला हवा आहे. शब्द तेच, मागणारे दोन. तुम्ही जर 'कवीच सांगतो' म्हणालात तर यातलं एकच माणूस ऐकू येईल. फक्त बाई ऐकली तर ती भांडकुदळ वाटते आणि फक्त नाथ ऐकले तर कोरडा उपदेश उरतो. दोघं एकदम ऐकू येतात तेव्हाच ते भारूड उभं राहतं. सोंग घेऊन हे भारूड करणारे चांगले कलाकार या ओळीवर क्षणभर थांबतात. पदर डोक्यावरच असतो, पण आवाज बदललेला असतो. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन, आणि अंगावर काटा आला होता. का आला ते कळायला पुढे वीस वर्षं गेली.

नाममुद्रेवरून एक आठवलं. यादवांच्या काळातल्या नरेंद्र कवीच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'बद्दल महानुभाव परंपरेत एक आख्यायिका सांगतात. रामदेवराय यादवाला ते काव्य इतकं आवडलं की ओवीमागे सोनं देतो, पण ग्रंथ माझ्या नावाने कर, असं तो म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. आमच्या कविकुळाला बोल लागेल, म्हणाला. मला या गोष्टीत स्वाभिमानाइतकंच आणखी एक दिसतं. कथा रुक्मिणीची, घडलेली द्वापरात, सगळ्यांना ठाऊक असलेली. राजा विकत मागत होता ती कथा नव्हतीच. त्याला हवी होती सांगणाऱ्याची जागा.

आता खऱ्या कथाकाव्याकडे येते, आणि इथे मी रेंगाळणार आहे, कारण हा भाग मी आयुष्यभर गायलेला आहे. रघुनाथ पंडितांचं नल-दमयंतीचं आख्यान. मूळ कथा महाभारतातली, आणि हंसाचा प्रसंग रंगवताना पंडितांसमोर श्रीहर्षाचं संस्कृत 'नैषधीयचरित' आहे. नल राजा उपवनात येतो, तळ्याकाठी हंसांचा थवा असतो, राजा त्यातला एक हळूच धरतो. आणि मग हा श्लोक:

तदितर खग भेणें वेगळाले पळाले
उपवनजलकेली जे कराया मिळाले
स्वजन गवसला जो त्याजपाशीं नसे तो
कठिण समय येता कोण कामास येतो

शेवटची ओळ तुम्ही म्हण म्हणून ऐकली असेल. ती कुठून आली हे पुष्कळांना माहीत नसतं. आता हळूहळू वाचा. पहिली ओळ डोळ्याची आहे: बाकीचे पक्षी भिऊन सैरावैरा पळाले. वृत्त मालिनी. मालिनीची प्रत्येक ओळ सहा लघू, म्हणजे पटकन म्हणायच्या, अक्षरांनी सुरू होते, त-दि-त-र-ख-ग, आणि ते म्हणताना पंखांची फडफड कानाला ऐकू येते. दुसऱ्या ओळीत निवेदक थोडा मागे जातो: हेच ते, जे पाण्यात खेळायला गोळा झाले होते. घडणारी गोष्ट क्षणभर थांबवून त्याने आपल्याला आधीचं दृश्य दाखवलं. तिसऱ्या ओळीत तो बघणं सोडून तोलू लागतो. 'स्वजन' हा शब्द पक्ष्यांचा नाही, माणसांच्या घरातला आहे. सापडला तो आपला माणूस, पण त्याच्यापाशी कोणी नाही. आणि चौथ्या ओळीत तो उपवन, तळं, राजा, हंस सगळं सोडून थेट आपल्याकडे वळतो.

चार ओळींत निवेदकाने चार वेळा जागा बदलली. 'तृतीयपुरुषी निवेदन' या दोन शब्दांत यातलं काहीच मावत नाही.

आता मला सर्वांत आवडणारा प्रश्न. चौथी ओळ नक्की कोण म्हणतं? अवतरणचिन्ह नाही, 'म्हणे' नाही. निवेदक श्रोत्यांना म्हणतो, असं धरता येतं. पण राजाच्या मुठीत अडकलेला हंस, मान वळवून रिकाम्या तळ्याकडे बघत, मनात म्हणतो आहे असंही धरता येतं. मी दोन्ही तऱ्हांनी गायलेलं आहे. निवेदकाची ओळ म्हणून गायली तर आवाज खुला लागतो, मंडपाच्या टोकापर्यंत जातो, लोक माना डोलावतात. हंसाची म्हणून गायली तर आवाज खाली येतो, आणि मंडप गप्प होतो. तुम्ही उत्तरपत्रिकेत यातली एक बाजू घेतलीत आणि कारण दिलंत तर कोणताही समंजस परीक्षक मार्क देईल. दोन्ही शक्यता दाखवल्यात तर जास्त देईल.

पुढे हंस राजाशी बोलू लागतो. 'म्हातारी उडतां नयेचि तिजला माता मदीया अशी', माझी आई म्हातारी आहे, तिला उडता येत नाही. बायकोला बाळंत होऊन सात दिवस झालेत. दोघींना सांभाळणारा मी एकटा. वृत्त बदललेलं आहे, आता शार्दूलविक्रीडित. त्याची सुरुवात तीन गुरू, म्हणजे लांबवायच्या, अक्षरांनी होते: म्हा-ता-री. थवा उडाला तेव्हा सहा हलकी अक्षरं होती, आणि जिला उडता येत नाही ती आली तेव्हा तीन जड अक्षरं. पंडित कवींवर, म्हणजे संस्कृत वळणाने लिहिणाऱ्या या कवींवर, लोक शब्दांची कसरत म्हणून टीका करतात. काही ठिकाणी ती रास्तही आहे. पण इथे वृत्त हेच निवेदकाचं काम करतंय. 'आता दुसरं कोणी बोलतंय' हे तो सांगत बसत नाही, चाल बदलून ते कानाला कळवतो. आख्यानक कवितेत वृत्त बदललं की एकदा मान वर करून बघत जा, बोलणारा किंवा बघणारा बदलला आहे का.

साताऱ्याकडच्या एका गावात मी हे आख्यान लावलं होतं. हंसाचं बोलणं चाललं होतं, आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी एकदम मोठ्याने म्हणाली, "सोड की रं त्याला." ती मला म्हणत नव्हती, नलराजाला म्हणत होती. त्या क्षणी रघुनाथ पंडित नव्हते, मी नव्हते, तबला-पेटी नव्हती. निवेदकाने स्वतःला पूर्ण पुसून टाकलं होतं. हीसुद्धा निवेदकाची भूमिकाच, आणि मला वाटतं सर्वांत अवघड.

त्याच्या पुष्कळ आधी, अगदी नवी असताना, याच आख्यानात मी मोठी चूक केली होती. 'कठिण समय येता' ही ओळ झाल्यावर मी थांबले आणि संसारात कोणी कोणाचं नसतं यावर दहा मिनिटं बोलले. लोक चुळबुळले. कीर्तनानंतर माझ्या गुरूंनी शांतपणे सांगितलं, "हंस अजून राजाच्या मुठीत आहे. त्याला तसाच लटकत ठेवून तू दुसरीकडे कुठे गेलीस?" निवेदकाला कथेबाहेर यायचा अधिकार आहे, पण किती वेळ, हे कथेतल्या जिवावर काय बेतलं आहे त्यावर ठरतं. पंडितांनी एकच ओळ घेतली आणि ते परत आत गेले. मी राहिले बाहेर.

आता श्रोत्याकडे नीट वळते, कारण सगळी किल्ली तिथे आहे असं मी म्हटलं. 'ज्ञानेश्वरी' कथाकाव्य नाही, तरी निवेदनाचे थर समजून घ्यायला तिच्यासारखी शाळा नाही. कृष्ण अर्जुनाला सांगतो. ते संजय धृतराष्ट्राला सांगतो. ते ज्ञानदेव समोर बसलेल्या श्रोत्यांना सांगतात, शेजारी गुरू निवृत्तिनाथ आहेत, आणि सच्चिदानंदबाबा उतरवून घेत आहेत, ज्यांचं नावही शेवटच्या ओव्यांमध्ये शके १२१२ च्या उल्लेखासोबत येतं. नवव्या अध्यायाची सुरुवातच 'तरी अवधान एकलें दीजे' अशी होते. ज्ञानदेवांच्या श्रोत्यांना बोलायची मुभा आहे. ते मध्येच दाद देतात, आडवळण फार झालं तर मूळ मुद्द्यावर आणतात. असे श्रोते असले की सांगणारा खुलतो.

आणि त्याच नवव्या अध्यायाच्या शेवटी दुसरा श्रोता येतो. संजय कृष्णाचे शब्द सांगता सांगता भरून आला आहे, आणि समोर धृतराष्ट्र ढिम्म बसला आहे. ज्ञानदेव म्हणतात, पुराच्या पाण्यात म्हैस बसून राहावी तसा. मग संजय मान हलवून मनाशी म्हणतो, इथे अमृताचा पाऊस पडला, आणि हा इथे असूनही शेजारच्या गावी गेल्यासारखा! पण लगेच स्वतःला आवरतो. हा आपला धनी आहे, याच्याबद्दल असं बोललो तर वाचा विटाळेल, काय करणार, याचा स्वभावच असा. मूळ गीतेत यातलं काही नाही. ज्ञानदेवांनी ते घातलं. सांगणाऱ्याला श्रोता नालायक मिळाला तर त्याचं काय होतं हे त्यांना दाखवायचं होतं, असं मला वाटतं. ज्याने कधीही चार माणसांसमोर उभं राहून काही सांगितलं आहे, त्याला संजयाचं ते मान हलवणं ओळखीचं आहे.

आणखी एक पायरी खाली उतरा. महाभारतात संजय ही कथा कधी सांगतो? युद्धाचा पहिला दिवस उजाडताना नाही. तो दहाव्या दिवसाचं युद्ध पाहून येतो, आल्याआल्या भीष्म पडल्याची बातमी देतो, आणि मग धृतराष्ट्र पहिल्यापासून विचारतो, धर्मक्षेत्रावर काय झालं. म्हणजे 'दृष्ट्वा तु पाण्डवानीकं' म्हणत सैन्यांची नावं सांगणाऱ्या संजयाला भीष्मांचं काय झालं ते आधीच ठाऊक आहे. ऐकणाऱ्या बापालाही ठाऊक आहे. दुर्योधन पहिल्या दिवशी 'भीष्मांचं रक्षण करा' असं सांगतो, ते वाक्य संजय उच्चारतो तेव्हा त्या दोघांमध्ये काय होत असेल याचा विचार करा. निवेदकाला सांगताना किती माहीत आहे, आणि श्रोत्याला किती, हे विचारल्याशिवाय ती ओळ पूर्ण ऐकू येत नाही.

पोवाड्यात श्रोता आणखी उघड आहे, तो चक्क मंचावर उभा असतो. शाहीर डफावर थाप मारून कडवं टाकतो आणि मागचे झीलकरी 'जी जी' करत झील ओढतात. हे नुसतं सुराला सूर मिळवणं नव्हे. घरात आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवंडाने हुंकार द्यायचा असतो, 'हं' म्हणायचं असतं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. झीलकरी गर्दीच्या वतीने तो हुंकार देतात.

पोवाड्यात काय होणार ते ऐकणाऱ्याला माहीत असतं. तानाजी सिंहगडावर पडणार, हे पहिल्या थापेपासून ठाऊक. मग शाहिराच्या हातात उरतं काय? कसं घडलं, हे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात जिजाबाई शिवाजीमहाराजांना प्रतापगडावर बोलावून घेतात, त्यांच्याशी सोंगट्या खेळतात, जिंकतात आणि पणात कोंढाणा मागतात. १६७० च्या फेब्रुवारीतल्या त्या लढाईच्या इतिहासात हा डाव शोधत बसू नका. शाहिराला ठाऊक आहे की समोर बसलेल्यांना राजकारण कळेल न कळेल, पण आईने मुलाकडे काही मागावं आणि मुलाला नाही म्हणता येऊ नये, हे सगळ्यांना कळतं. त्याने एका मोहिमेला घरातलं कारण दिलं. पुढे रायबाच्या लग्नाची तयारी टाकून निघणारा तानाजी येतो, तेव्हा एका घराने दुसऱ्या घराकडे काय मागितलं हे ऐकणाऱ्याच्या पोटात आधीच उतरलेलं असतं.

आणि सांगणारा बदलला की तोच राजा कसा वेगळा दिसतो, यासाठी जोतीराव फुल्यांचा १८६९ चा शिवाजीमहाराजांवरचा पवाडा वाचाच. त्याचं पालुपद 'कुळवाडीभूषण पवाडा गातो भोसल्याचा'. दरबारी शाहिरासाठी जो गादीचा धनी, तो इथे कुळवाड्यांचं, म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण आहे. 'गातो' या क्रियापदात निवेदक स्वतः उभा आहे, आणि शेवटी जोतीराव आपलं नाव घालताना स्वतःला शूद्राचा पुत्र म्हणवतात. म्हणजे मी कोण, कुठून बोलतोय, कोणासाठी बोलतोय, हे सगळं त्यांनी लपवलेलं नाही. घटना बहुतेक त्याच. उभं राहायची जागा वेगळी.

विसाव्या शतकात रविकिरण मंडळ या कवींच्या गटातल्या माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश यांनी खंडकाव्यं, म्हणजे एकाच कथेवरची दीर्घ काव्यं, लिहिली. ती अभ्यासक्रमात असतात म्हणून एवढंच सांगते की तिथे श्रोत्याची जागा एकट्या वाचकाने घेतली आहे. हुंकार द्यायला कोणी नाही, म्हणून निवेदकाला वातावरणाचं, मनःस्थितीचं वर्णन जास्त करावं लागतं. ती काव्यं तुम्हाला संथ वाटत असतील तर त्याचं एक कारण हे आहे.

परीक्षेपुरतं म्हणाल, तर 'तृतीयपुरुषी' हे एका वाक्यात लिहून टाका आणि पुढे सरका. मग सांगणाऱ्याच्या समोर कोण आहे ते कवितेतून दाखवा: संबोधन असेल, आज्ञार्थ असेल, 'ऐका', 'बाई', 'राजा' असा एखादा शब्द असेल. तो घटनेआधी बोलतोय की नंतर, त्याला काय माहीत आहे, हे पाहा. तो कोणत्या ओळीला पात्राच्या डोळ्यांनी बघतो आणि कोणत्या ओळीला स्वतःची जीभ उघडतो, ती ओळ उद्धृत करा. आणि त्याने काय सांगितलंच नाही, यावर एखादं वाक्य लिहा. बहुतेक मुलं हे शेवटचं विसरतात.

ते गाळणं म्हणजे काय, हे दाखवायला सीतेच्या वनवासाकडे येते. गाय पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीता पुन्हा पुन्हा येते. ही एक ओवी मी लहानपणापासून ऐकत आले आहे:

अरण्या वनामधी कोण रडतं आइका
सीतेला समजावया बोरी-बाभळी बायका

'आइका' म्हणते, म्हणजे शेजारी कोणीतरी आहे. जात्याचा दुसरा खुंटा धरलेली बाई. सांगणारीने काही बघितलेलं नाही, तिला फक्त रडणं ऐकू येतंय, पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेल्या बाईला जेवढं ऐकू येईल तेवढं. कोण रडतंय हे ती पहिल्या ओळीत सांगत नाही, शेजारणीला विचारते. दुसऱ्या ओळीत नाव येतं, आणि समजूत घालायला कोण, तर बोरी-बाभळी. मराठीत बोर आणि बाभूळ या झाडांची नावं बायकी आहेत. त्या व्याकरणातून तिने झाडांच्या बायका केल्या. चंदन नाही, अशोक नाही. माळावरची काटेरी झाडं, जी तिने रोज सरपणासाठी तोडली आहेत. आणि राम? दोन ओळींत कुठेच नाही. त्याने का टाकलं, त्याला दुःख झालं की नाही, धोब्याचं बोलणं, राजधर्म, काही नाही. हा निवेदक सर्वसाक्षी नाही, आणि व्हायची त्याची इच्छाही नाही. जात्यापाशी बसलेल्या दोघींना त्या बाजूची गरज नव्हती.

त्याच सीतेची गोष्ट १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दुसऱ्या तऱ्हेने सुरू झाली. ग. दि. माडगूळकरांचं गीतरामायण, संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक गीत, वर्षाहून थोड्या जास्त काळात छप्पन्न. बहुतेक गीतं एकेका पात्राच्या तोंडी आहेत. कौसल्या गाते, शूर्पणखा गाते, भरत गातो. पण पहिल्या गीतात चौकट आखलेली आहे: कुश आणि लव गात आहेत, आणि श्रोता खुद्द राम आहे. वाल्मीकींनीही बालकांडात हेच केलं होतं. मुलांना ठाऊक नाही की समोर बसलेला त्यांचा बाप आहे.

ही चौकट एकदा मनात ठेवलीत की पुढचं प्रत्येक गीत वेगळं ऐकू येतं. वनात सोडलेली सीता लक्ष्मणाला विचारते, आता मी जाऊ कुठे. रेडिओसमोर बसलेल्या घरांनी ते सीतेचं म्हणून ऐकलं, आणि बरोबरच ऐकलं. पण चौकटीच्या हिशेबाने तो प्रश्न गाणारी तोंडं तिच्या मुलांची आहेत, आणि ऐकणारा तिला टाकणारा. लक्ष्मणाने त्या दिवशी जे ऐकलं ते इतक्या वर्षांनी रामापर्यंत पोचतंय, आणि पोचवणाऱ्यांना आपण काय पोचवतोय याची कल्पना नाही.

आणि छप्पन्नावं, शेवटचं गीत कोणाचं आहे? वाल्मीकींचं. जा, बाळांनो, रामायण गा, म्हणून ते मुलांना पाठवतात. म्हणजे मालिकेत जे शेवटी आहे ते काळाने पहिल्या गीताच्या आधीचं आहे. तुम्ही शेवटचं गीत ऐकून संपवता तेव्हा ती दोन मुलं आश्रमातून अयोध्येकडे नुकतीच निघालेली असतात.